एकोणीस फुटांची नोंद

१

वही शुक्रवारी पेटीतून नाहीशी झाली आणि रविवारी होती तिथेच सापडली. सापडली ना, मग झालं, असं कुणीही म्हणालं असतं. पण ललिता वानखडे सोमवारी सकाळी, ऊन तापायच्या आत, अकोल्याच्या जठारपेठेतल्या माझ्या खोलीवर आली. पिशवीतून वही काढून तिने टेबलावर ठेवली आणि उभीच राहिली.

"बस बाई," मी म्हणालो.

"काका, गेली तवा मी रडली. पण परत आली याचीच मले जास्त भीती वाटून राहिली. चोर वस्तू परत आणून ठेवते का?"

मी वामन काळमेघ. तीस वर्षं बॉयलर इन्स्पेक्टर होतो. वऱ्हाडातल्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतून फिरलो, तापलेल्या लोखंडाला कान लावून बसलो. सेवानिवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. गुडघे गेले होते, पत्नी गेली होती, आणि कुणी काही विचारायला आलं की आधी कंटाळाच यायचा. ललिताला मात्र मी नाही म्हणू शकत नव्हतो. तिचा नवरा जानराव याला बोटीवर धाडणारा मीच.

बेचाळीस साली अकोटच्या एका प्रेसमध्ये तो कोळसा ओढायचा. तिथल्या माठातलं पाणी त्याला ओंजळीत वरून ओतून मिळायचं. मी तपासणीला गेलो तेव्हा बॉयलरची एक चीर त्याने मला नुसत्या आवाजावरून दाखवली होती. मी मुंबईच्या एका वर्कशॉपला चिठ्ठी दिली. तिथून तो फिटर झाला, परीक्षा देत देत मालवाहू बोटीवर थर्ड इंजिनीअर झाला. छप्पन्न साली दीक्षा घेऊन नागपूरहून परतताना तो पांढऱ्या कपड्यात मला भेटायला आला होता. आणि बासष्टच्या जानेवारीत 'नीलमोहर' नावाच्या बोटीत, पंख्याच्या दांड्याच्या बोगद्यात, बुडून मेला.

आगबोटीचा पंखा मागे पाण्यात फिरतो. त्याचा लांबलचक दांडा इंजिनापासून एका अरुंद बोगद्यातून बाहेर जातो. दांडा जिथे बाहेर पडतो तिथलं पाणी अडवणारं पॅकिंग सुटलं, बोगद्यात समुद्र शिरला, आणि ते आवळायला गेलेला जानराव आतच राहिला. कंपनीने लिहून कळवलं की पॅकिंगची देखभाल त्याच्याकडे होती. अपघात त्याच्याच हलगर्जीपणामुळे झाला. मुंबईत चौकशी बसणार होती. दहा दिवस उरले होते.

"या वहीत त्याईनं सगळं लिहून ठेवलं आहे म्हणून सांगत," ललिता म्हणाली. ती नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. बोलणं नेमकं होतं. "शेवटल्या खेपेच्या आधी कोलंबोहून पोस्टानं धाडली होती. मी उघडून पाह्यली, पण इंजिनाची भाषा मले काय समजते? तुमी वाचा, अन् मले चौकशीत काय बोलायचं ते लिहून द्या."

मी चष्मा पुसला. वहीत जानरावाचं सुबक अक्षर होतं. मजकूर मराठीत, आकडे इंग्रजी. तारीख, पंख्याचे मिनिटाला फेरे, बोटीचा मागचा भाग किती फूट पाण्यात आहे, थरथर किती.

तासाभरात मी वही मिटली. बोलावं की नाही कळेना. एकच पाणी, एकोणीस फूट. एकच फेरे, पंचाण्णव. एका दिवशी थरथर 'भयंकर', दुसऱ्या दिवशी 'काही नाही'. पानामागून पान असंच. कुठल्याही शहाण्या माणसाने म्हटलं असतं की हे लिहिणारा एकतर झोपेत होता, नाहीतर थापा मारत होता. ही वही चौकशीत गेली असती तर जानराव दुसऱ्यांदा बुडाला असता.

२

ललिताला मी उद्या ये म्हणालो. दुपारभर खिडकीला ओला पडदा लावून पडून होतो. झोप काही लागली नाही.

आवाजावरून चीर ओळखणारा माणूस असं लिहील का? मी पुन्हा उठलो. या वेळी आकडे सोडून शेवटच्या रकान्यातला बारीक मजकूर वाचला. तिथे वेगळाच जानराव होता.

"पंखा दुसऱ्या बोटीचा जुना, गेल्या वर्षी बसवला. व्यास अकरा फूट. चौऱ्याऐंशी फेऱ्यांच्या वर बुडातून खडी आपटल्यासारखा आवाज सुरू. पंख्याच्या पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की तिथलं पाणी विस्तवाशिवाय उकळतं. बुडबुडे होतात, आणि पुढे दाब मिळाला की फुटतात. फुटताना हातोडीसारखे बसतात. काळमेघ साहेबांना सांगितलं तर लगेच समजेल."

समजलं. आयुष्यभर मी तेच पाहिलं होतं: वर दाब असला की पाणी उकळायला उशीर, दाब गेला की लवकर. बोटवाले याला कॅव्हिटेशन म्हणतात. पंखा जितका खोल, तितकं वरच्या पाण्याचं ओझं जास्त, आणि बुडबुडे कमी. पंखा वर आला की बुडबुडे जास्त, थरथर जास्त; आणि दांडा असा थरथरत राहिला की पॅकिंग सुटणारच. म्हणजे बोट रिकामी असताना थरथरणार, भरली की शांत होणार. यात काही गूढ नाही. आणि वहीत तर बोट सदैव एकोणीस फूट पाण्यात, सदैव भरलेली!

मी कोलंबोचं शेवटचं पान काढलं. पाणी 19. समोर बारीक अक्षरात: "होडीतून मागे जाऊन पाहिलं. वरचं पातं पाण्याबाहेर. पाठीवर टोकाकडे मधाच्या पोळ्यासारखी भोकं, हाताचं बोट आत जाईल इतकी. वजनाला टाक्यांत पाणी भरू म्हटलं, वेळ नाही म्हणाले. फेरे कमी करू म्हटलं, तेही नाही."

मी कागदावर बोटीची शेपटी काढली, पंखा काढला. पंखा बुडापासून फूटभर वर धरला तरी एकोणीस फूट पाण्यात त्याचं वरचं टोक सात फूट खाली असणार. होडीतून ते कुणाच्या बापालाही दिसलं नसतं. ते दिसायला पाणी बारा फुटांहून कमी हवं; एकोणीसमधला एक काढला तर उरतात नऊ.

कपाटात माझं भिंग होतं, बॉयलरच्या पत्र्यावरच्या चिरा बघायचं. ते मी आकड्यावर धरलं. दोन वर्षं समुद्राच्या दमट हवेत राहिलेल्या त्या कागदावर जानरावाची शाई धाग्याधाग्यांनी फुटली होती. नऊचा आकडा असाच फुटलेला होता. त्याच्या आधीचा एक मात्र कोरा करकरीत, काठ धारदार. तो अकोल्याच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत लिहिलेला होता.

एकवीस ठिकाणी कुणीतरी नऊच्या आधी एक उभी रेघ ओढली होती.

३

वानखड्यांच्या दोन खोल्या होत्या. जानरावाची आई सुंदराबाई दिवसभर दारातच बसून असायची. तिला चुकवून आत जाणं मांजरालाही जमलं नसतं.

"त्या तीन दिवसांत घरात कोण कोण आलं, मावशी?"

"कोन येते? आता कोन येते?" तिने बोटं मोडली. "माहा लहाना पोरगा देवमन आला अमरावतीहून, येष्टीनं. श्रावण होता, तो तं घरचाच. अन् तो मुंबईचा कोट घातलेला आला, पन त्याले मी आत घेतलं नाई. वसरीतच चा पाजला."

श्रावण गवई हा अंजनगाव सुर्जीचा. 'नीलमोहर'वर तेलवाला होता, जानरावानेच लावलेला. अपघातानंतर त्याने बोट सोडली. दर पंधरवड्याला अंजनगावहून येई, दोन दिवस राही, पाणी भरी, लाकडं फोडी.

"दोघं सुटीवर येत तं हसू हसू पोट दुखे," सुंदराबाई म्हणाली. "श्रावण सांगे, जहाज खाली असलं का ताटातलं वरन सांडे, अन् मालानं भरलं का पाळन्यावानी झोप लागे. आता बोलतच नाई. लेकराची जबानच गेली."

ललिता चुलीपाशी होती. ती म्हणाली, "काका, या तिघांत कोन असंल?"

"अजून माहीत नाही," मी म्हणालो. ते खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं.

कोट घातलेल्या माणसाचं नाव गोवर्धन प्रधान. कंपनीचा कारकून, स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये उतरलेला. पंख्याखाली बनियनवर बसून तो उन्हाला शिव्या देत होता.

"वही मिळाली तर घेऊन ये, एवढंच सांगितलंय मला," तो सरळ म्हणाला. "बाई देत नाहीत. मी काय दरोडा घालू? मलाही पोरंबाळं आहेत."

"वहीत बोट किती पाण्यात होती त्याचे आकडे आहेत. ते खरे की खोटे, कसं ठरेल?"

"त्यात काय? प्रत्येक बंदर सोडताना कप्तान पुढचं-मागचं पाणी आपल्या पुस्तकात टिपतो. ते चौकशीपुढे जाणारच. ताडून बघायला पाच मिनिटं लागतील."

मी उठलो. दारात पोचल्यावर तो मागून म्हणाला, "साहेब, एक सांगू? ऑफिसात कुणी त्या माणसाचं नाव घेत नाही. नुसतं 'ती पॅकिंगची केस' म्हणतात."

४

अमरावतीला राजापेठेत देवमनची खोली शोधायला अर्धा तास गेला. तो सरकारी कचेरीत कारकून. मला पाहून त्याने खुर्ची पुसली, पण चेहरा आवळूनच बसला.

"मी वैनीले सांगतलं, चौकशी-फिवकशी सोड. मेलेला मानूस वापस येते का? उद्या कंपनीनं वर लिहिलं तं माही नोकरी जाईल. आमच्या खानदानात कचेरीत बसणारा मी पयला."

"म्हणून वही नाहीशी झाली तर तुला बरंच होतं."

त्याने हातातल्या फडक्याची घडी घातली. "बरं झालं असतं. खोटं नाई बोलत. पेटीपाशी जाऊन उभाही राह्यलो होतो. पन हात लागला नाई. माह्याच भावाची वही होती ना."

मी वही उघडून एकोणीसच्या आकड्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

त्याने वाकून पाहिलं. "समुद्राची खोली असंल."

मी वही मिटली. समुद्र एकोणीस फूट खोल आहे असं समजणारा माणूस पंख्याचा हिशेब कशाला बिघडवील? त्याला काही करायचं असतं तर त्याने पानंच फाडली असती.

दुसऱ्या दिवशी अंजनगावची एसटी धरली. रस्ताभर गुडघा ठणकत होता. श्रावण घराशेजारच्या पानमळ्यात वेलींना पाणी देत होता. पन्नाशीचा दिसत होता. वय पस्तीसच असेल. त्याने मला आळ्याच्या बांधावर गोणपाट टाकून दिलं.

"श्रावण, तू दोन वर्षं त्या दांड्याला तेल घातलंस. ती बोट थरथरायची कधी?"

"कवाबी, साहेब." तो वेलीकडे बघून बोलत होता. "त्याले काई नेम नवता."

"रिकामी असताना जास्त, असं काही?"

"नाई. खाली काय, भरली काय, सारखंच."

पाण्याचा पाट भरून वाहत होता. तो वळवायचं त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

५

"बस," मी म्हणालो. "तू खोटं बोलतोयस, आणि तुला ते जमत नाही."

तो उभाच होता.

"सुंदराबाईला तूच सांगायचास, रिकाम्या बोटीत वरण सांडतं आणि भरलेल्या बोटीत झोप लागते. आज म्हणतोस, नेम नव्हता. आणि वहीही आता तेच म्हणते. कारण कुणीतरी नवाचे एकोणीस केले. ज्याने केले त्याला पाणी आणि थरथर यांचा संबंध माहीत होता, म्हणून तो देवमन नाही. कंपनीच्या माणसाच्या हाती वही लागली असती तर ती परत आली नसती. शिवाय त्याला ठाऊक आहे की हेच आकडे कप्तानाच्या पुस्तकात असतात. त्याने ते कशाला बदलले असते? हे माहीत नसलेला माणूस इंजिनाच्या खोलीतलाच. वर डेकवर काय लिहितात ते त्याने कधी पाहिलं नाही. आकडे त्याला वाचता येतात, पण बारीक अक्षर अडखळतं, म्हणून पंखा दिसल्याची नोंद त्याने तशीच राहू दिली. आणि घरात दोनदा जाऊन पेटी उघडली तरी सुंदराबाईला ज्याचं काही वाटलं नाही, असा तूच एक."

श्रावण खाली बसला. चिखलातच बसला.

"जाळाले नेली होती," तो म्हणाला. "शुक्रवारी. नदीवर गेलो, काडी ओढली. पन त्याचं अक्षर दिसलं. मग नाई जाळवलं. मले वाटलं, वही राहू दे, फक्त खरी नोको राहू."

"का रे? तो तुला भावाच्या जागी होता."

"म्हनूनच." त्याने तोंडावरून चिखलाचा हात फिरवला. "साहेब, वही खरी ठरली तं चौकशी खोल जाईल. एक एक करून इचारतील, पानी शिरलं तवा कोन कुठं होतं, बोगद्याचं दार कोनं लावलं."

मी थांबलो. पुढचं मला नको होतं. पण तो थांबणार नव्हता.

"मी लावलं. चीफ इंजिनेर ओरडला, दार लाव, नाईतं जहाज जाईल. पानी गुडघ्यावर आलतं. भाऊ आत होता, शेवटच्या टोकाले. वर चढाची शिडी तिकडंच होती, मले वाटलं चढंल. मी चाक फिरवलं. मंग त्यानं हातातल्या पान्यानं आतून दार ठोकलं. मंग बंद झालं."

तीस वर्षांत मी स्फोट झालेले बॉयलर पाहिले, पण तिथे पोचेपर्यंत सगळं झालेलं असायचं. मोजमाप घ्यायचं, कारण लिहायचं, परत यायचं.

"चौकशीत तो हलगर्जी ठरला तं इथंच मिटते," श्रावण म्हणाला. "दाराचं कोनी इचारत नाई. मी त्या माउलीच्या हातची भाकर खातो, साहेब. तिले कसं सांगू?"

"मग त्याच्या नावावर कलंक राहील तो?"

"तेच तं. दोन्हीकून मेलो मी."

सूर्य कलला होता. मी म्हणालो, "वही मी भिंगासकट चौकशीपुढे ठेवणार. कप्तानाचं पुस्तक ताडून बघा म्हणणार. बोट अजून गोदीत आहे, पंख्याची पाठ बघा म्हणणार. त्यामुळे खरं ते बाहेर येईलच. तू येशील की नाही, ते तुझं तू ठरव. पण सुंदराबाईला मी सांगणार नाही. तेही तुझं."

६

तो शनिवारी आला. मी वसरीत ललिताला पंख्याचं चित्र काढून समजावत होतो. श्रावणने पिशवी ठेवली नाही, पाणीही घेतलं नाही. सुंदराबाईच्या समोर जमिनीवर बसला आणि सगळं सांगितलं; वहीचं, रेघांचं, दाराचं. ललिताच्या हातातली पेन्सिल तिने दोन्ही मुठींत धरली होती.

म्हातारीने विचारलं, "किती येळ ठोकलं त्यानं?"

"माय..."

"किती येळ?"

"चार-पाच मिन्टं असंल."

"तू काय केलं तवर?"

"मी बी ठोकलं. इकडून. त्याले कळावं का मी आहो म्हनून. दुसरं काई सुचलं नाई."

सुंदराबाईने डोळे मिटले. तिचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. मला वाटलं, आता ही याला घराबाहेर काढेल, आणि काढलं तर मी काही बोलणार नव्हतो.

"दार उघडलं असतं तं?" तिने विचारलं.

"सगळेच गेलो असतो, माय. एकतीस मानसं होती."

"त्यालेबी हे मालूम असंल?"

"त्याले तं माह्यापेक्षा जास्त मालूम होतं. चीफले दोनदा लेखी देल्लं होतं त्यानं. कोनी आयकलं नाई."

म्हातारी भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "मंग मुंबईले जाऊन हेच सांग. जसं मले सांगतलं तसंच. एक अक्षर कमी नोको करू."

ललिता उठून आत गेली. त्या दिवशी ती श्रावणशी बोलली नाही. मुंबईच्या गाडीतही ती खिडकीशी बसली आणि तो डब्याच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ. मी मधे कुठेतरी, दोघांच्या पिशव्या सांभाळत.

चौकशी चार दिवस चालली. कप्तानाचं पुस्तक आलं. जिथे जिथे रेघ ओढलेली होती तिथे एकवीसही वेळा नऊ निघाले. गोदीतल्या पंख्याच्या पात्यांचे फोटो आले. टोकाजवळची भोकं इतकी खोल होती की अध्यक्षांनी हा पंख्याचाच फोटो आहे ना, असं विचारलं. रेघा कुणी ओढल्या हे विचारण्याआधीच श्रावण उभा राहिला. कंपनीच्या वकिलाने त्याला दीड तास उलटसुलट विचारलं. प्रत्येक प्रश्नाला त्याने तेच सांगितलं, त्याच शब्दांत, एक अक्षर कमी न करता. दार लावण्याबद्दल त्याला कुणी दोष दिला नाही. त्याला ते ऐकू गेलं की नाही, मला शंकाच आहे.

त्याची साक्ष झाली त्या संध्याकाळी बाहेर पडलो तेव्हा ललिता पायऱ्यांवर थांबली होती. तिने श्रावणकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाऊजी, सकाळपासून काही खाल्लं नाही तुमी. चला."

निकाल ऑक्टोबरात आला. सहा पानं, इंग्रजीत. मी वानखड्यांच्या वसरीत बसून एकेक वाक्य मराठीत सांगितलं. अयोग्य पंखा बसवल्याबद्दल, आणि रिकाम्या बोटीला वेगाने हाकल्याबद्दल कंपनीला ताशेरे होते. पाचव्या पानावर एक वाक्य होतं: थर्ड इंजिनीअर जानराव वानखडे यांनी धोक्याची लेखी सूचना वेळोवेळी दिली होती, अपघातात त्यांचा कोणताही कसूर आढळत नाही.

देवमन अमरावतीहून मुद्दाम रजा टाकून आला होता. तो म्हणाला, "कागद माह्याजवळ द्या, कचेरीतल्या टायपिस्टकडून चार नकला करून घेतो."

सुंदराबाईला नकला म्हणजे काय ते कळलं नाही. तिने मला ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. मग तिने पदर सावरला आणि विचारलं, "यात त्याचं नाव पुरं लिहिलं आहे ना?"

"पूर्ण लिहिलं आहे, मावशी."

"मंग ठीक आहे," ती म्हणाली, आणि उठून दिवा लावायला आत गेली.